एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या जगण्याचा दर्जा कसा मोजावा: बेळगाव सीमाभागात नव्यानं काम करणाऱ्यांसाठी

व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला, वजन वाढलेलं, गोळी एकही चुकलेली नाही. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या, केंद्राच्या कार्डावर अशा बाईची तब्येत उत्तम असते. तीच बाई घरी गोळ्यांची बाटली तांदळाच्या डब्यात लपवते, भावकीतल्या लग्नाला अंगात कणकण आहे म्हणून जात नाही, आणि आपल्यामागं पोरांचं काय या विचारानं रात्र रात्र जागी असते. रक्ताच्या रिपोर्टात यातलं काहीच येत नाही. २०१७ पासून आपल्याकडे एचआयव्ही निदान झालेल्या प्रत्येकाला, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असो, उपचार सुरू होतात. पुढं टीएलडीची, म्हणजे तीन औषधं एकत्र असलेली, दिवसाला एक गोळी आली. माणसं आता वर्षानुवर्षं जगतात, पोरांची लग्नं लावतात, नातवंडं सांभाळतात. म्हणून ती जगतात कशी, हे विचारणं औषधाइतकंच गरजेचं झालं आहे.

एमएसडब्ल्यू, नर्सिंग किंवा कम्युनिटी मेडिसिनचा प्रकल्प घेऊन बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी, खानापूर, सौंदत्ती या भागात पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. संस्थांमधून नव्यानं फिल्डवर येणाऱ्या ताई-दादांनाही ते चालेल.

पायरी १: काय मोजतोय ते आधी पक्कं करा

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येचा गाभा असा: माणूस ज्या संस्कृतीत आणि ज्या मूल्यांत जगतो, त्या संदर्भात, आणि स्वतःची ध्येयं, अपेक्षा, काळज्या लक्षात घेता, त्याला आपलं आयुष्य कसं वाटतं. यात निवाडा त्या माणसाचा आहे. पत्र्याच्या खोलीत राहणारी बाई घराबद्दल समाधानी आहे म्हणाली, तर ती समाधानी आहे. खोली बघून तुम्हाला काय वाटलं ते वेगळ्या वहीत लिहा, फॉर्मवर नको. नव्या माणसाला हे सगळ्यात जड जातं, कारण दया आली की हात आपोआप खालच्या आकड्याकडे जातो.

पायरी २: साधन निवडा

साधनं बरीच आहेत. वेळ अगदीच कमी असेल तर ईक्यू-५डी आहे. त्यात हालचाल, स्वतःची निगा, रोजची कामं, दुखणं आणि चिंता-उदासी अशा पाच बाबी आणि ० ते १०० ची एक पट्टी असते. पण लोकांनी ठेवलेली नावं, लपवालपवी, मरणाची भीती यांना त्यात जागाच नाही. आपल्या भागात याच गोष्टी माणसाला जास्त पोखरतात. माझं मत सरळ आहे: शक्य असेल तर डब्ल्यूएचओक्यूओएल-एचआयव्ही ब्रेफ वापरा, म्हणजे एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या जगण्याचा दर्जा मोजणारी जागतिक आरोग्य संघटनेची छोटी प्रश्नावली. याच्या घडणीत ज्या देशांतल्या केंद्रांनी भाग घेतला त्यात भारत होता, आणि बेंगळुरू त्यातलं एक केंद्र.

या ब्रेफमध्ये ३१ प्रश्न आहेत. दोन सर्वसाधारण: एकूण जगणं कसं वाटतं आणि तब्येतीबद्दल किती समाधान आहे. उरलेले २९ सहा क्षेत्रांत वाटलेले आहेत. शारीरिक क्षेत्रात चार: दुखणं, एचआयव्हीमुळं होणारा शारीरिक त्रास, अंगातली ताकद, झोप. मानसिक क्षेत्रात पाच. स्वावलंबनात चार, त्यात कामाची क्षमता आणि उपचारावरचं अवलंबन येतं. सामाजिक संबंधांत चार, परिसरात (घर, पैसा, प्रवास वगैरे) आठ, आणि श्रद्धा, दोष, भविष्य, मृत्यू यांचं मिळून चार प्रश्नांचं शेवटचं क्षेत्र. उत्तरं १ ते ५, आणि विचारायचं ते गेल्या दोन आठवड्यांबद्दल.

हे साधन प्रौढांसाठी आहे. जन्मापासून एचआयव्हीसह वाढलेली अठरा वर्षांखालची मुलं-मुली तुमच्या यादीत असतील, तर त्यांच्यासाठी वेगळं साधन, त्यांची स्वतःची तयारी आणि पालकाची संमती लागते. त्यांना मोठ्यांच्या फॉर्मवर बसवू नका.

पायरी ३: परवानग्या

वापरण्याची परवानगी जागतिक आरोग्य संघटनेकडून घ्या आणि त्याच पत्रात मान्य मराठी व कन्नड मजकूर मागा. मग संस्थेची नीतिमत्ता समिती. मग कर्नाटक राज्य एड्स प्रतिबंधक सोसायटी, जिल्ह्याचं एड्स नियंत्रण युनिट आणि ज्या केंद्रावर बसणार तिथले वैद्यकीय अधिकारी. यात महिने जातात. प्रकल्पाचं वेळापत्रक आखताना हे धरा, नाहीतर शेवटच्या पंधरवड्यात फॉर्म भरायची घाई होते आणि त्या घाईचा भार समोरच्या माणसावर पडतो.

२०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संशोधनासाठी माणसाची समजून-उमजून दिलेली संमती आणि त्याच्या स्थितीबद्दलची गोपनीयता, दोन्ही या कायद्यानं बंधनकारक आहेत. फिल्डवर जाण्याआधी तो पूर्ण वाचा. गोपनीयता म्हणजे फॉर्मवर नाव न लिहिणं एवढंच नाही. फॉर्मवर फक्त क्रमांक हवा, क्रमांक आणि नाव जोडणारी यादी वेगळ्या कुलपात हवी, आणि ती यादी मोबाईलच्या फोटोत किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कधीही नको.

अंगठा लावणाऱ्यांच्या संमतीसाठी साक्षीदार लागतो, आणि इथं खरी अडचण येते. साक्षीदार आणायचा म्हणजे आणखी एका माणसाला कळणार. ज्यांना तिची स्थिती आधीच ठाऊक आहे अशांपैकी, म्हणजे केंद्रावरची समुपदेशक किंवा पॉझिटिव्ह लोकांच्या गटातली एखादी ताई, कोण चालेल ते तिलाच विचारा, आणि ही पद्धत नीतिमत्ता समितीच्या अर्जात आधीच लिहून मान्य करून घ्या. केंद्रातल्या माणसानं साक्ष दिली तरी 'नाही म्हणालात तरी तुमच्या गोळ्यांवर काही फरक पडणार नाही' हे वाक्य स्वतंत्रपणे, शांतपणे सांगायचंच.

पायरी ४: कोणत्या भाषेत विचारणार?

इथं थोडं थांबते, कारण सीमाभागात अर्धं काम याच पायरीवर बनतं किंवा बिघडतं.

आपल्याकडे माणूस ज्या भाषेत बोलतो त्याच भाषेत वाचतो असं नाही. निपाणी-चिकोडीकडची तरुण मुलगी घरी मराठी बोलेल, पण शाळा कन्नड माध्यमाची झाली असेल तर संमतीपत्र तिला कन्नडमध्येच वाचता येईल. तिची आई मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलेली. तिला मराठी हवं. खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात कोकणीच्या वळणाची बोली, शहरात मुस्लिम घरांतून दखनी उर्दू. म्हणून प्रत्येकाला दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: बोलायला कोणती भाषा बरी, आणि वाचायला कोणती? उत्तर फॉर्मवर नोंदवा. सीमाप्रश्नामुळं भाषेची निवड इथं कधीकधी नाजूक होते. 'तुम्हाला सोयीची ती' एवढंच म्हणा, नावावरून किंवा गावावरून भाषा ठरवू नका.

मान्य मराठी मजकूर मिळाला तरी तो इथल्या कानाला बसतो का ते तपासा. 'नकारात्मक भावना', 'विरंगुळ्याच्या संधी', 'आपले जीवन अर्थपूर्ण वाटते का' असली वाक्यं रायबागच्या मजूर बाईसमोर वाचली की ती मान डोलावते आणि मधला आकडा सांगते. तीन हा आकडा बऱ्याचदा 'मला कळलं नाही, पण तुम्ही शिकलेली माणसं' याचंच उत्तर असतो. यावर उपाय एकच: खऱ्या मुलाखतींआधी काही जणांसोबत बसून प्रत्येक प्रश्न वाचायचा आणि 'ताई, मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा' म्हणायचं. जिथं दोघी-तिघी वेगवेगळं सांगतात तिथं समजावण्याचं एक ठरलेलं वाक्य तयार करा, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांत बसतं का बघा, आणि सगळ्या मुलाखतकारांनी तेच वापरायचं. ज्याला त्याला सुचेल तसं समजावलं तर आकड्यांची तुलनाच होत नाही. प्रश्न मुळातच बदलावा लागला तर भाषांतर, दुसऱ्याकडून मूळ भाषेत उलट भाषांतर आणि तपासणी अशी पूर्ण वाट धरावी लागते.

पाच पातळ्या तोंडी लक्षात राहत नाहीत. रिकाम्यापासून काठोकाठ भरलेल्यापर्यंत पाच पेल्यांचं चित्र असलेलं कार्ड समोर ठेवलं की 'किती' विचारणारे प्रश्न सोपे होतात. समाधानाच्या प्रश्नांना वेगळं कार्ड करा.

पायरी ५: कोणाला विचारणार, कोण सुटणार

एआरटी केंद्राच्या रांगेत बसलेल्यांना विचारलं की केंद्रापर्यंत पोचू शकणाऱ्यांचंच जगणं मोजलं जातं. सुटतात ते बहुधा जास्त अडचणीतले. निपाणी-संकेश्वरकडची काही माणसं ओळखीचं कुणी भेटेल या धास्तीनं कोल्हापूर किंवा मिरजेला जाऊन गोळ्या घेतात, आणि याच कारणानं तिकडची काही इकडं येतात. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या फडावर असतात, त्या मार्चपर्यंत. दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळणारी माणसं वर्षातून मोजक्याच वेळा केंद्रावर दिसतात. निपाणीच्या विडी वळणाऱ्या बाईला हजार विड्यांमागं मजुरी मिळते. तिचा तुमच्याजवळ गेलेला तास म्हणजे बुडालेली मजुरी. प्रवासखर्च आणि बुडीत मजुरीबद्दल काय द्यायचं ते समितीकडून ठरवून घ्या आणि सगळ्यांना सारखं द्या.

यादी करताना आठवड्याचे सगळे वार आणि शक्य तर दोन हंगाम घ्या. गोळ्या सुटलेल्यांपर्यंत जायचं असेल तर पॉझिटिव्ह लोकांच्या गटांमार्फतच जा. त्यांच्या दारात जीप घेऊन स्वतः उभं राहू नका. फोन केला तर पलीकडून कोण उचलेल सांगता येत नाही, म्हणून निरोप काय ठेवायचा तेही त्या व्यक्तीकडूनच आधी ठरवून घ्या.

सौंदत्ती, गोकाक, रामदुर्ग भागात देवदासी म्हणून सोडलेल्या बाया, जोगती, जोगप्पा (यल्लम्मादेवीला वाहिलेले तृतीयपंथी) भेटतील. देवदासी सोडण्यावर कर्नाटकात १९८२ च्या कायद्यापासून बंदी आहे, त्यामुळं 'तुम्ही देवदासी का' हा प्रश्न पोलिसाच्या तोंडचा वाटतो. अभ्यासाला त्याची खरोखर गरज नसेल तर विचारूच नका. त्या स्वतःहून यल्लम्माचं बोलू लागल्या तर ऐका. श्रद्धेच्या क्षेत्रातल्या प्रश्नांना त्यांच्याकडून येणारी उत्तरं फार खोल असतात. देवीवरचा राग आणि देवीचाच आधार, दोन्ही एका दमात सांगणारी माणसं आहेत ती.

पायरी ६: जागा आणि वेळ

दार बंद होणारी खोली, दोन खुर्च्या, पाणी. औषधखिडकीजवळचा बाक नको. तोंडी विचारताना अर्धा तास धरा आणि परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ सुरुवातीलाच विचारून घ्या. मुलाखतकार शक्यतो त्याच गावचा किंवा पाहुण्यांतला नको. पुरुषांना पुरुष आणि बायकांना बाई बरी पडते, तरी निवड त्यांचीच ठेवा.

पायरी ७: प्रत्यक्ष विचारताना

प्रश्न जसा आहे तसा वाचा. 'झोप बरी लागते ना?' असं विचारलं की 'हो' हेच उत्तर येणार. लैंगिक जीवनाचा प्रश्न विधवा बाईसमोर गाळून पुढं जायचा मोह होतो, पण तिच्या वतीनं ठरवणारे आपण कोण? 'हा प्रश्न सगळ्यांना विचारतो, नको वाटला तर सोडू' असं म्हणून वाचा. मरणाच्या प्रश्नावर डोळे भरून आले तर पेन खाली ठेवा. सगळे प्रश्न झालेच पाहिजेत असं नाही. जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणं निघालं तर मुलाखत तिथंच थांबवा. त्याच दिवशी समुपदेशक आणि डॉक्टरांपर्यंत त्या व्यक्तीला सोबत घेऊन पोचवायचं, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यायचा. एचआयव्हीबद्दलच्या शंकांसाठी १०९७. हे क्रमांक छापलेल्या कागदावर एचआयव्ही हा शब्द नको, कारण तो कागद घरी जाणार असतो.

आता दोन प्रश्नांबद्दल, जिथं आकडा फसवतो.

पहिला, तुमच्या एचआयव्हीवरून लोक तुम्हाला दोष देतात याचा किती त्रास होतो? ज्या बाईनं कुणालाच सांगितलेलं नाही ती म्हणते, अजिबात नाही. गुण उत्तम येतात. ओळखीचे लोक तुम्हाला किती स्वीकारतात, या प्रश्नाचंही तसंच. लोकांनी स्वीकारलंय ते तिनं दाखवलेल्या आयुष्याला. म्हणून ब्रेफच्या जोडीला एक छोटा प्रश्न तुमच्या वेगळ्या पानावर ठेवा: घरात आणि घराबाहेर हे कोणाकोणाला ठाऊक आहे? सांगितलेल्यांचे आणि न सांगितलेल्यांचे आकडे वेगळे मांडल्याशिवाय सामाजिक क्षेत्राचा, आणि दोषाचा प्रश्न ज्यात येतो त्या शेवटच्या क्षेत्राचा, अर्थ लावू नका.

दुसरा, रोजचं जगणं चालवायला उपचारांची किती गरज लागते? हा प्रश्न उलट्या गुणांचा आहे. 'अतिशय' म्हणाल तर स्वावलंबनाचे गुण घटतात. पण आपली माणसं 'गोळीमुळंच तर उभी आहे बाई' असं कृतज्ञतेनं म्हणतात आणि पाचवर बोट ठेवतात. आकडा पाचच लिहायचा, आपल्या मनानं बदलायचा नाही. मात्र तिचं वाक्य शेजारी जसंच्या तसं टिपा आणि अहवालात ही बाब लिहा. स्वावलंबन कमी दिसलं की अंगात बळ नाही असा निष्कर्ष काढणारे अहवाल इथंच घसरतात.

पायरी ८: गुण काढणं

सात प्रश्न उलटे आहेत: दुखणं, एचआयव्हीचा शारीरिक त्रास, उपचाराची गरज, लोकांचा दोष, भविष्याची भीती, मरणाची काळजी आणि उदासी-चिंता. यांचं उत्तर ६ मधून वजा करायचं. मग क्षेत्रातल्या प्रश्नांची सरासरी काढून तिला ४ नं गुणायचं. समजा, दुखणं २, एचआयव्हीचा त्रास ३, ताकद ३, झोप ४. उलटवल्यावर ४, ३, ३, ४, बेरीज १४, सरासरी ३.५, आणि क्षेत्राचे गुण १४. प्रत्येक क्षेत्र ४ ते २० मध्ये बसतं, जास्त म्हणजे बरं. उलटवायला विसरलेला एक रकाना सगळी मेहनत वाया घालवतो, म्हणून पहिले काही फॉर्म हातानं सोडवून संगणकाच्या उत्तराशी ताडून बघा. फॉर्ममधले २० टक्क्यांहून जास्त प्रश्न कोरे असतील तर तो हिशोबात धरू नका.

सहा क्षेत्रांची बेरीज करून एकच आकडा काढायची घाई नको. शारीरिक १७ आणि सामाजिक ९ यांची सरासरी १३ सांगितली की दुखतं कुठं तेच झाकलं जातं.

हंगामही लक्षात घ्या. दोन आठवड्यांचा प्रश्न खानापूरच्या मुसळधार जुलैत विचारला आणि पुन्हा जानेवारीत विचारला तर येण्याजाण्याची, कामाची, पैशाची उत्तरं बदलणारच. आधी आणि नंतर अशी तुलना करायची तर त्याच हंगामात करा. बाहेर काय बदललं तेही नोंदवा. उदाहरणार्थ, ११ जून २०२३ ला शक्ती योजना सुरू झाली आणि राज्याच्या हद्दीत साध्या सरकारी बसमध्ये बायकांचं तिकीट माफ झालं. प्रवासाच्या प्रश्नाचे गुण त्यानंतर वाढले असतील तर श्रेय तुमच्या समुपदेशन-उपक्रमाला देऊ नका. कोल्हापूरला जाऊन गोळ्या घेणारीला हद्दीपलीकडं तिकीट काढावंच लागतं, तेव्हा तिचं उत्तर वेगळं असेल.

पायरी ९: आकडे परत नेणं

अहवालात 'अमुक तालुका, विडी कामगार, विधवा, वय पस्तीस' असा रकाना करून त्यात दोनच माणसं उरली, तर गावातल्या कुणालाही ती ओळखता येतील. लहान गट एकत्र करा, तालुक्याऐवजी जिल्हा लिहा. बोललेली वाक्यं छापताना गावाची, देवळाची, कारखान्याची नावं काढून टाका.

निष्कर्ष आधी केंद्राच्या माणसांना आणि पॉझिटिव्ह लोकांच्या गटाला सांगा, मराठीत आणि कन्नडमध्ये, बोलून. परिसराचं क्षेत्र खाली आलं असेल तर पेन्शन, रेशन, घरकुल यांत कोण अडकलंय ते बघता येतं. मानसिक खाली असेल तर समुपदेशकाला प्रत्येकामागं किती मिनिटं मिळतात हा प्रश्न अधिकाऱ्यांपुढं ठेवता येतो. झोपेची तक्रार बऱ्याच जणांकडून आली तर ती डॉक्टरांच्या कानावर घाला, औषध बदलल्यावरही काहींची झोप बिघडते.

मुलाखत संपताना बरेच जण विचारतात, 'माझं किती आलं?' टाळू नका. यात पास-नापास नाही हे सांगा, तिच्या उत्तरांतलं बरं काय आणि जड काय ते तिच्याच शब्दांत परत सांगा, आणि विचारा, यातलं एक बदलता आलं तर आधी काय बदलाल? जे उत्तर येईल ते फॉर्मच्या मागं तसंच्या तसं लिहा. केंद्राला कळवलेलं चालेल का ते विचारा. हो म्हणाली तर त्याच आठवड्यात कळवा.